नळाला बांधलेली हिरवी तार

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याचं काम तपासून बघावं का? — का तपासलं म्हणजे विश्वास उडाला? सांगा! ...आता कशा माना खाली! सुनेच्या आमटीत मीठ तपासताना बरी जीभ चालते!

ऐका तर. एका गावात सर्जेराव नावाचा वायरमन होता. हात असा गोड की विचारू नका! पण सरकारी परवाना नाही. त्याला काम शिकवलं धोंडिबापूंनी, आणि बापू परवाना असलेले ठेकेदार. नियम असा — नव्या घरात वीज यायची तर परवानेवाल्यानं वायरिंग तपासून सही द्यायची. आणि आपली रीत? काम एकाचं, सही दुसऱ्याची! सही करणारा त्या घराचा उंबरासुद्धा बघत नाही!

सर्जेरावाची धाकटी बहीण सुमन नुकतीच बाळंत झालेली. बाळाचं बारसं नव्या घरातच करायचं, दिव्यांच्या उजेडात करायचं, हा तिचा हट्ट. भावानं सगळी वायरिंग जीव ओतून केली नि बापूंकडे गेला.

"बापू, तेवढी सही मारा."

"येतो बघायला."

"बघायला? माझं काम? तुमच्या हाताखाली वाढलो मी!"

"म्हणून तर येतो रे."

झालं! स्वारी फुगली! वाटेत बापूंच्या दहा पावलं पुढं!

बापू घरात आले. हिरवी तार धरली — यंत्रात करंट उतरला तर तो जमिनीत नेणारी तार हो. तिच्या मागं मागं मोरीत गेले. तार नळाला बांधलेली!

"सर्ज्या, हे काय?"

"तुम्हीच शिकवलंत की!"

"शिकवलं. तेव्हा पाइप लोखंडी होते, जमिनीत जायचे. हा प्लास्टिकचा. गीझरमधला करंट आता कुठं जाईल?"

तेवढ्यात बाळाला घेऊन सुमन दारात आली. "दादा, गीझर चालू झाला की पहिली अंघोळ याला घालते हं, याच नळाखाली."

मंडळी, तो माणूस मटकन खाली बसला नि लहान पोरासारखा रडला.

बापूंनी पाठीवर हात ठेवला. "गप. तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. आपल्या माणसाच्या घरात आपल्याला आपली चूक दिसत नाही बाबा. म्हणून दुसरा लागतो."

मग करंट जमिनीत उतरावा म्हणून दोघांनी मिळून अंगणात खड्डा खणला. मीठ घातलं, कोळसा घातला, धातूची पट्टी पुरली, हिरवी तार तिथं आणली. सुमननं कळशीभर पाणी ओतलं. तिथंच मातीच्या हातांनी बापूंनी सही केली. म्हणाले, "आता परवान्याच्या परीक्षेला बस."

सर्जेराव डोळे पुसत म्हणाला, "बसतो. पण बापू, परवाना मिळाला तरी माझं काम बघायला याल ना?"

बारसं झालं, मंडळी. उजेडात झालं!

आता तुमच्याकडे वळतो. या मांडवाची वायरिंग कुणी तपासली? — हसू नका, माईक माझ्या हातात आहे! पण खरं सांगा, "दाखव बघू" म्हणाला म्हणून कुणावर तरी रुसून बसलाय ना? भाऊ असेल, बाप असेल. उद्या सकाळी त्याच्या दारात जा, आणि एवढंच म्हणा — चला, बघायला या.