लाकूड बुडेना

अहो गोकुळभाऊ, ते बोट तोंडात नका घालू! नदीतलं लाकूड आहे, काय काय मुरलेलं असेल त्यात. रंग बघायचा तर असा वरून बघा. लाल आहे ना? आहेच. रोज पाणी बदलते मी, तरी संध्याकाळी बघावं तर घंगाळ आपलं लालच्या लाल. आणि बुडायचंही नाव नाही. आमचे हे म्हणाले, आमलीत गोकुळचं शोभेच्या माशांचं दुकान आहे, त्यालाच पाठवतो, रंग सुटायचा थांबून लाकूड माशांच्या टाकीत घालण्याजोगं झालं की नाही ते तो सांगेल. तर सांगा त्यांना, नाही झालं म्हणून. संपलं.

काय? वास? कसला — वेलदोड्याचा? इश्श, दमणगंगेतून वाहून आलेल्या लाकडाला वेलदोड्याचा वास कसा येईल? वर जंगल आहे, एखादं सुवासिक झाड असेल... हसताय काय? बरं, हसा. आणि बसा. आता कळलंच आहे तर पुरतं ऐकूनच जा, नाहीतर अर्धवट काहीतरी बोलाल बाहेर.

चहाचा चोथा आहे तो. फडक्यात बांधून दुपारी सोडते पाण्यात, हे यायच्या आधी काढून घेते. आणि लाकूड? ते दिवसभर गच्चीवर उन्हात. संध्याकाळी परत पाण्यात, वर नुसता दाखवायला वरवंटा. रोज वाळलेलं लाकूड मग कसं बुडेल? — नाही हो, आधी नव्हते करत असं! आधी मनापासून केलं सगळं. काथ्याने घासघासून कुजकी साल काढली, आंघोळीच्या हंड्यात उकळलं, पहिलं पाणी काढ्यासारखं निघालं, मग फिकं, मग आणखी फिकं — आणि लाकूड असं देखणं दिसायला लागलं, हरणाच्या शिंगांसारखं. मला वाटलं, आपल्याच घरात टाकी येणार. बसेन समोर, मासे बघत भाजी निवडेन. तर एक दिवस जेवताना हे म्हणतात कसे, प्रमिला, टाकी साहेबांच्या बंगल्यावर द्यायची आहे.

मसाटच्या सुताच्या कारखान्यात हे हिशेब बघतात ना, तिथले साहेब. त्यांना दिवाणखान्यात टाकी हवी, आत असलंच लाकूड हवं. दिवाळीच्या आत साहेब खूश झाले तर ठाण्याच्या हेड ऑफिसातली जागा यांना. सासूबाईंनी तर तिकडे सांगूनसुद्धा टाकलंय सगळ्यांना, गजानन परत येतोय म्हणून.

मला नाही जायचं, भाऊ. इथे मी गलोंड्याला बालवाडी चालवते. लुनावरून जाते — हो, स्वतः चालवत! पहिल्यांदा पडले, गुडघे फोडून घेतले, पण शिकले. तिथली पोरं माझी लुना ऐकली की फाटकापर्यंत धावत येतात. ठाण्याला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी विचारून जावं लागायचं. सासूबाई वाईट नाहीत हो, पण त्या घरात भांडं कुठल्या खिळ्याला लावायचं तेसुद्धा ठरलेलं. हे यांना सांगायचं कसं? आईचा शब्द म्हणजे यांना... म्हणून म्हटलं, आपण कशाला बोला, लाकूडच नाही म्हणू दे.

मान काय हलवताय? — काय? पहिल्याच दिवशी यांना सांगितलं होतंत? खाली कडप्प्याचा तुकडा स्क्रूने लावायचा, की लाकूड आपोआप तळाला बसतं? आठवड्यात काम झालं असतं? मग मला का नाही — कोणी सांगू नको म्हटलं? यांनी?

थांबा, थांबा. नीट सांगा. हे तुमच्या दुकानात आले आणि म्हणाले, लाकूड लवकर होता कामा नये? म्हणजे मी इथे बादल्या उपसतेय, उन्हात गच्ची चढतेय, आणि हे... आणि चोथ्याचं? तेही माहीत आहे? अगंबाई! तरीच परवा न सांगता अर्धा किलो चहा आणून ठेवला! मी म्हटलं, एवढा कशाला, तर म्हणतात, लागतो आपल्याला. मग तुम्हाला कशाला पाठवलं? — असं होय. साहेबांना सांगायला जाणकाराचा शब्द हवा. लबाड!

पण मग आईला हो का म्हणाले? — त्यांना नाही म्हणायला जमलं नाही. ते खरं. आणि इथे राहायचं का आहे त्यांना? काय म्हणाले?

पुन्हा सांगा.

'ठाण्याला घरात हिचा आवाजच नसायचा. इथे भांडी घासतानासुद्धा गाते.' असं म्हणाले? आमचे हे? 'मीठ कमी आहे' याच्यापुढे ज्यांचं वाक्य जात नाही, ते? ... नाही हो, रडतेय कुठे. चुलीचा धूर... बरं, गॅस आहे. गप्प बसा.

स्कूटर वाजली का? आलेच. हे बघा, तुम्ही मला काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही. लपवू दे त्यांना, छान लपवतात. उठा, आणि तोंड पाडा जरा — हसू नका, पाडा!

अहो, आलात? गोकुळभाऊ म्हणतात, फार हट्टी लाकूड आहे, दिवाळीपर्यंत तरी काही खरं नाही. साहेबांना तसं कळवून टाका. — गोकुळभाऊ, तुम्ही निघा बरं आता, दुकान उघडं टाकून आलायत. निघा!