शटरखालचं नवं रबर

या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या रो-हाउस सोसायटीच्या कारभारी ऋतुजाताई शितोळे, व्यासपीठावर अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती नागोराव आणि सौ. वेणूताई, त्यांचे चिरंजीव शंभू, आणि टीव्हीवरची मॅच सोडून इथे आलेले माझे सर्व शेजारी,

मी श्रीधर गोवंडे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं, त्यामुळे स्वतः बोलायची सवय नाही. ऋतुजाताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्या घड्याळाकडे बघायला लागल्या तरी मी त्यांच्याकडे बघणार नाही, एवढं आधीच सांगतो.

नागोराव आणि वेणूताई परभणीकडचे. शंभूला इथे कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली, त्याने आमच्या शेजारचं घर घेतलं आणि आईवडिलांना विश्रांतवाडीला आणलं. आता शंभू अमेरिकेला निघालाय आणि हे दोघं गावी परत चाललेत. अशा वेळी स्वभावाबद्दल, शेजारधर्माबद्दल चार गोड शब्द बोलायची रीत आहे. आधीच्या वक्त्यांनी ते उत्तम बोलून ठेवलेत. मला एका दुपारबद्दल बोलायचं आहे. तुमच्यापैकी जुन्या लोकांना ती अर्धीमुर्धी माहीत आहे. पूर्ण मी कधी सांगितली नाही. आज सांगतो, कागदाशिवाय.

साल दोन हजार पाच. लोडशेडिंगचे दिवस. माझा मुलगा शुभंकर तेव्हा घरूनच काम करायचा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून पाठवलेले रिपोर्ट कानाला हेडफोन लावून टाइप करायचे. वीज गेली की काम बंद, म्हणून त्याने पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घेतला. तो ठेवला गॅरेजमध्ये. आपल्या सगळ्यांच्या घरांची रचना तुम्हाला ठाऊक आहे. गॅरेजला पुढून शटर आणि आतून स्वयंपाकघरात उघडणारं एक दार.

त्या शटरखालचं रबर कुजलं होतं. पाऊस आला की पाणी आत, उंदीर आत, शेजारच्या प्लॉटवरचा चिखल आत. पण त्याच फटीतून जनरेटरचा धूर बाहेर जात होता. हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. लक्षात येणार तरी कसं? जे नीट चाललेलं असतं, त्याचं कारण कोण शोधतं?

जुलैत शुभंकरने माणूस बोलावून रबर बदलून घेतलं. खाली जाड, नवं कोरं रबर, दोन्ही बाजूंना पट्ट्या. काम झकास झालं. बादलीभर पाणी ओतून पाहिलं, थेंब आत आला नाही. आतल्या दाराचं रबरही वाळून तडकलं होतं. ते पुढच्या महिन्यात बघू, म्हणाला. म्हणजे बाहेरची वाट बंद झाली आणि घरातली उघडी राहिली.

त्या दुपारी घरात आम्ही तिघं. शुभंकर वरच्या खोलीत दार लावून कामात. सून हिंजवडीला ऑफिसात. मी आणि माझी नात सृष्टी खाली. सृष्टी चार वर्षांची होती. बाहेर पाऊस असा, की खिडक्या सगळ्या बंद. वीज गेली. शुभंकर खाली आला, जनरेटर चालू केला, पाणी आत येतंय म्हणून शटर पूर्ण खाली ओढलं आणि वर गेला. मी सृष्टीला दिवाणावर थोपटत होतो. तिच्याबरोबर माझाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा डोकं ठणकत होतं. वाटलं, पित्त झालं. उठून लिंबू-पाणी घ्यावं म्हटलं, तर पाय माझे नव्हतेच. आणि मंडळी, तेव्हा मला भीती वाटली नाही. आज त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. मला छान सुस्त वाटत होतं. दारावरची बेल वाजत होती. मला ती स्पष्ट ऐकू येत होती. मनात येत होतं, उघडेल कुणीतरी. बेल पुन्हा वाजली. मी सृष्टीकडे पाहिलं. तिचा हात दिवाणावरून खाली लोंबत होता. वाटलं, उचलून वर ठेवावा. ठेवला नाही. डोळे मिटले.

पुढचं मला नागोरावांनी सांगितलं.

सृष्टी रोज चहाच्या वेळी वेणूताईंकडे जायची, बशीतला चहा प्यायला. त्या दिवशी गेली नाही. वेणूताई, मला त्या दादा म्हणतात, छत्री घेऊन आमच्या दारात आल्या. बेल वाजवली. कुणी येईना. मग त्या खिडकीशी गेल्या आणि काचेतून आत पाहिलं. त्यांनी नागोरावांना हाक मारली, "अहो, इकडं या लवकर. लेकरू उठंना."

"झोपलं असंल," नागोराव म्हणाले.

"मी काच वाजवायलेय कवाची. हलंना बी ते. आन् दादाबी तसेच पडलेत. मला लई भ्या वाटायलंय."

पुढच्या दाराला आतून कडी, खिडक्यांना गज. नागोराव घरी धावले आणि पहार घेऊन आले. दार सागवानी, दाद देईना. मग शटरकडे वळले. नवं रबर ओल्या फरशीला असं चिकटून बसलेलं की बोट शिरेना. त्यांनी पहार रबरातच खुपसली, रबर फाडलं आणि जोर लावून शटर गुडघ्याएवढं उचललं. आतून धुराचा लोट त्यांच्या तोंडावर आला. ते खोकत मागे सरले. तेवढ्यात वेणूताईंनी ओला पदर नाकाला लावला आणि खाली वाकल्या.

"थांब! जीव जाईल तुझा!" नागोराव ओरडले.

त्या थांबल्या नाहीत.

गॅरेजमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून बाहेरची खोली. त्यांनी आधी पुढच्या दाराची कडी काढली. मग सृष्टीला उचललं आणि पावसात आणून अंगणात ठेवलं. नागोरावांनी जनरेटर बंद केला आणि माझ्या काखेत हात घालून मला ओढत बाहेर काढलं. शुभंकरच्या खोलीचं दार बंद होतं म्हणून तो वाचला. आरडाओरडा ऐकून भिंतीला धरत, ओकत खाली आला.

मला शुद्ध आली ती पाऊस तोंडावर पडल्याने. शेजारी सृष्टी होती. गाल गुलाबी, एखाद्या बाहुलीसारखे. मला वाटलं, छान दिसतेय. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की असा धूर रक्तात भिनला की कधी कधी असाच रंग येतो. वेणूताई तिचे तळपाय चोळत होत्या आणि एकच शब्द बोलत होत्या, "रड. रड, बाई. रड."

ती रडली नाही.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, शुद्ध आली तरी मेंदूला काही झालंय का ते नंतरच कळेल. मी, शुभंकर, सून, हे दोघं, सगळे एका बाकावर. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले. आम्ही सगळे वाकलो. तिने आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाली, "माझी चप्पल कुणी घेतली?" सून लगेच खाटेखाली वाकून चप्पल शोधायला लागली.

त्यानंतर जनरेटर आम्ही विकून टाकला. आतल्या दाराला नवं रबर बसवलं. दर उन्हाळ्यात ते मी पुसतो, वाळलंय का ते दाबून बघतो. गॅरेजमध्ये अंधार करून पलीकडे बॅटरी धरतो, उजेड दिसला की फट आहे. तुम्हीही बघा. आणि बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून फोनवर बोलणारे इथे दोघेतिघे बसलेत. मी नाव घेत नाही, पण तुम्ही मान खाली घातलीच आहे.

एक गोष्ट मात्र मला त्या वेळी माहीत नव्हती. पुढच्या संक्रांतीला वेणूताई तिळगूळ घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, एक सांगू का? त्या दिशी मी दोनदा माघारी फिरले होते."

मी विचारलं, "का?"

"दुपारचं कुणाला उठवलं की इथली माणसं चिडत्यात. गल्लीतल्या एका बाईनं बोललं होतं मला, नवी असताना. बेल वाजवली आन् वाटलं, आता हे बी चिडणार. फाटकापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. मला अजून झोप लागत नाही, दादा. तिसऱ्यांदा आलेच नसते तर?"

मी तिळगूळ घेतला आणि घराची जादा किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

तेव्हापासून आमचं ठरलं आहे. आमच्या दोन घरांत एक भिंत सामाईक आहे. दुपारी झोपून उठलं की वेणूताई तिच्यावर दोनदा टकटक करतात. मी पलीकडून दोनदा करतो. माझ्याकडून उत्तर आलं नाही, तर त्यांनी विचार न करता घरात शिरायचं. किल्ली त्यांच्याकडेच असायची. सृष्टी आता उंच झाली, आम्हाला हसते. हसू दे. इतक्या वर्षांत एक दुपार चुकलेली नाही.

वेणूताई, किल्ली तुम्ही काल परत आणून दिलीत. मी घेतली आणि खुंटीला अडकवली. सोमवारी तुमच्या घरात नवं कुटुंब येतंय. सभ्य माणसं आहेत, दिवसभर ऑफिसात असतात. त्या भिंतीपलीकडे दुपारी कुणी नसेल. मी मात्र टकटक करणार आहे. करून कान लावून बसणार आहे. या वयात मला एवढी एकच भीती उरली आहे, आणि ती मी आज सगळ्यांदेखत बोलून दाखवली.

अध्यक्षांनी पाच मिनिटांच्या जागी बरंच बोलू दिलं, त्यांचे आभार. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. नागोराव, वेणूताई, तुमचे आभार मानणार नाही. ते या तोंडाला पेलणारे नाहीत. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, काही राहून गेलं असेल, तर म्हातारा घाबरलेला होता, असं समजून पोटात घाला.

नमस्कार.