पानावर शेवटचा हात

(लाँड्रीची पुढची खोली. मागे बॉयलर धुमसतोय. काउंटरवरचे कपड्यांचे गठ्ठे बाजूला सारून लॅपटॉप उघडलाय. त्याच्याभोवती तिघी : लाँड्रीची मालकीण, तिची धाकटी सून, आणि दुकानाचं इंटरनेटवरचं पान दुरुस्त करायला आलेली कॉम्प्युटरवाली.)

आई : बाकी काय उलथापालथ करायची ती कर. नंबर बदल, फोटो बदल. माझा फोटो तर काढूनच टाक, धुऊन पिळून ठेवल्यासारखी दिसते मी त्यात. पण तळाच्या त्या ओळीला हात लावायचा नाही.

कॉम्प्युटरवाली : कुठली, मावशी? ही? ‘पानावर शेवटचा हात धाकट्याचा : मंगळवार, ९ जून, सकाळ.’

आई : तीच. माझ्या धाकट्या लेकाची आहे ती. हे पान त्यानंच बनवलं.

कॉम्प्युटरवाली : मग त्यांनाच का नाही सांगत बदल करायला?

सून : हे नाहीत.

आई : नाहीत म्हणजे घरी नाहीत, असं म्हण. जिभेला जरा हाड असू दे. तीन वर्षांमागं गाडीच्या चाव्या या इथं काउंटरवर ठेवल्यान् आणि बाहेर पडला. कुणी म्हणालं धरणाच्या वाटेवर दिसला, मग सगळे शहाणे लागले धरण ढवळायला. मिळालं काही? मिळणार कसं? तो कुठंतरी बसून रोज या पानावर हात फिरवतोय. आज वार कुठला?

कॉम्प्युटरवाली : मंगळवार.

आई : मग? काय लिहिलंय?

कॉम्प्युटरवाली : मंगळवार. पण मावशी...

आई : मला फारसं वाचता येत नाही, बाई. पण वार वाचता येतो आणि आपले आकडे कळतात. ते त्याला ठाऊक आहे, म्हणून तो माझ्यासाठी वार अक्षरात लिहितो आणि आकडे मराठीत काढतो. सकाळी बॉयलर पेटवायच्या आधी मी पान उघडते. तारीख बदललेली दिसली की म्हणते, उठला बाई. दुपारी उघडलं तर ‘सकाळ’ची ‘दुपार’ झालेली असते. केव्हाही उघडावं, तर हा नुकताच येऊन गेलेला. दारातून पाठ दिसावी तसा. पण गाठ काही पडत नाही.

सून : तिला बोलू द्या ना, आई. मी तिला या तारखेसाठीच बोलावलंय.

आई : नंबर बदलायला बोलावलंय म्हणालीस.

सून : खोटं बोलले.

आई : चष्मेवाल्याकडून शिकलीस वाटतं. आठवड्यातून दोनदा डोळे तपासायला जाते ही! डोळे तपासायला जाते की लावायला जाते, ते न कळण्याइतकी मी अजून आंधळी नाही.

सून : त्यानं लग्नाचं विचारलंय. लपवलं नाही मी तुमच्यापासून. त्याला काय उत्तर देऊ, तेवढंच सांगा.

आई : काय सांगू? नवरा रोज सकाळी हजेरी लावतोय आणि ही दुसरा मांडव घालणार! जग काय म्हणेल ते मरू दे. तो काय म्हणेल?

कॉम्प्युटरवाली : मावशी, रागावू नका. ही तारीख कोणी लिहीत नाही.

आई : मग काय भुतं लिहितात?

कॉम्प्युटरवाली : पानाचा एक साचा असतो. त्यात इथं तारीख लिहिलेलीच नाही, नुसती जागा सोडलीय. तुम्ही पान उघडलं की तुमच्याच फोनमधली त्या घटकेची तारीख उचलून ते त्या जागेत बसवतं. वार अक्षरात दाखव, आकडे मराठीत दाखव, बारा वाजले की दुपार म्हण, हे सगळं एकदाच सांगून ठेवलेलं आहे.

आई : छान. म्हणजे खुर्ची रिकामी, आणि मी रोज तिच्याशी बोलते.

कॉम्प्युटरवाली : तुमचा फोन द्या. बघा, मी फोनमध्ये उद्याची तारीख लावली. आता पान उघडते.

आई : दाखव इकडं. बु... बुधवार.

कॉम्प्युटरवाली : ‘शेवटचा हात धाकट्याचा : बुधवार, १० जून.’

आई : उद्या अजून उजाडला नाही.

कॉम्प्युटरवाली : नाही.

आई : आणि हा उद्या येऊनसुद्धा गेला.

सून : आई, बसा जरा.

आई : धरू नकोस मला. पडत नाहीये. मला सांग गं, मी गेल्यावर? मी नसेन, लाँड्री नसेल, आणि कुणी हे उघडलं तर?

कॉम्प्युटरवाली : पान जिवंत असेल तोवर, उघडेल त्याला त्या दिवशीची तारीख दिसेल.

आई : मी मेल्यावरही हा रोज उठणार. पुसून टाक तो बुधवार. परत नीट लाव फोन. आजचा मंगळवार लाव.

सून : लावला, आई. हा घ्या.

आई : तू गप्प. आता मिळालं ना हवं ते? म्हण की, धरणातच गेला. म्हण.

सून : मी कधीच म्हटलं नाही तसं. मनात मात्र रोज म्हणत होते. म्हटल्याशिवाय झोप यायची नाही.

कॉम्प्युटरवाली : थांबा. अजून एक आहे. सांगू की नको, मला कळत नाही.

आई : सोलून झालंय, आता मीठ कशाला राखून ठेवतेस? बोल.

कॉम्प्युटरवाली : हे पान जिथं ठेवलंय, तिथं त्याची जुनी रूपंही राहतात. कधी काय बदललं, ते दिसतं. पहिल्यापासून ही तारीख ते खरंच हातानं लिहायचे. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. ती काढून ही आपोआपची तारीख नंतर घातलीय.

सून : नंतर म्हणजे?

कॉम्प्युटरवाली : ते गेले त्या आठवड्यात. गुरुवारी दुपारी. त्यानंतर कोणीच काही बदललेलं नाही.

सून : गेले तर सोमवारी.

आई : गुरुवारी धरणात माणसं उतरवली होती.

सून : दुसऱ्या कुणी बदललं असेल.

कॉम्प्युटरवाली : पासवर्ड कुणाकुणाकडे होता?

सून : कुणाकडेच नाही. मलाही दिला नव्हता. तुम्हाला आत शिरता यावं म्हणून पान ठेवणाऱ्या कंपनीला किती पत्रं लिहावी लागली मला!

आई : मग जिवंत होता. बघ! मी म्हणत होते ना, जिवंत आहे!

कॉम्प्युटरवाली : त्या गुरुवारी होते, मावशी. आजचं हे पान नाही सांगू शकत.

सून : मी काठावर उभी होते त्या दुपारी. गळाला काहीही लागलं की मला पुढं बोलवायचे. एकदा सदरा निघाला. म्हणाले, नवऱ्याचा आहे का बघा. चिखल पुसून कॉलर बघितली मी, आपल्या लाँड्रीची खूण आहे का म्हणून. आणि तो कुठंतरी पंख्याखाली बसून हे जुळवत होता. आईला वार कसा दिसेल, आकडे कसे दिसतील.

आई : ‘तो’ म्हणालीस.

सून : म्हणाले.

आई : इतकी वर्षं ‘हे’, ‘ह्यांना’ चालायचं तुझं.

सून : मेलेल्या माणसाला म्हणत होते. हा तर सोडून गेला.

कॉम्प्युटरवाली : मी बाहेर थांबू का थोडा वेळ?

आई : बस तिथंच. अर्धं काम टाकून जायचं नाही. बरा समजला की गं मला. रडकं पोर मागं लागू नये म्हणून हातात खुळखुळा देतात, तसा दिला मला, आणि गेला. मी काय तान्ही होते?

सून : नव्हतात.

आई : आणि वाजवत बसले की मी! इतकी वर्षं. तुलाही बसवली शेजारी.

सून : आई...

आई : पुरे. डोळे पूस, इस्त्रीच्या कपड्यांवर पडतंय. ए बाई, ती जागा बुजव.

कॉम्प्युटरवाली : ओळच काढून टाकू?

आई : काढू नको. तो गुरुवार लिही. पक्का. उद्या उघडलं, परवा उघडलं, तरी हलता कामा नये.

कॉम्प्युटरवाली : नाही हलणार.

आई : वाच.

कॉम्प्युटरवाली : ‘पानावर शेवटचा हात धाकट्याचा : गुरुवार, १५ जून, दुपार.’ तारखेपुढं वर्षही घालते, म्हणजे कुणाचा घोटाळा होणार नाही.

आई : घाल. आणि तू काय उभी? त्या चष्मेवाल्याला रविवारी इकडं घेऊन ये. मला बघू दे. दात बरे आहेत ना त्याचे?

सून : आई, आणि तो कधी आलाच तर?

आई : आला तर दार उघडायला मी आहे. तू तुझ्या घरी अस.