हार्ड डिस्क मीच काढून दिली, त्याबाबत

पोलीस स्टेशन दिग्रस, दि. २१/१०/२००८, सायंकाळी ५.४० वा.

मी, मैनाबाई सदाशिवराव ढोके, वय ६० वर्षे, धंदा घरकाम व शेती, रा. निंबाळा, ता. दिग्रस, जि. यवतमाळ. समक्ष हजर होऊन विचारल्यावरून जबाब लिहून देते की,

मी वरील ठिकाणी पती सदाशिवराव, वय ६६, निवृत्त मुख्याध्यापक, यांच्यासह राहते. आज दुपारी पतींनी येथे येऊन, घरच्या कॉम्प्युटरमधील हार्ड डिस्क चोरीस गेली असून संशय शेख नजीर शेख हबीब, वय ३८, कॉम्प्युटर दुरुस्ती, रा. दिग्रस, याच्यावर आहे, अशी तक्रार दिल्याचे मला कळले. सदर डिस्क चोरीस गेलेली नाही. ती मीच काढून दिली. नजीर बाहेर बाकावर बसून आहे व सकाळपासून त्याच्या पोटात एका चहाशिवाय काही नाही, हेही लिहून घ्यावे.

आमच्या अंगणात चोवीस वर्षांपासून पर्जन्यमापक आहे. पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजायचा असतो. पती सातच्या एसटीने शाळेला जात, त्यामुळे मोजणे व वहीत लिहिणे माझ्याकडे आले. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज. पाऊस नसला तरी शून्य लिहायचे, असा त्यांचा दंडक होता. शून्य लिहायला कंटाळा आला म्हणून मी एकदा चार दिवसांचे एकदम लिहिले, तर मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी पतींनी कॉम्प्युटर घेतला. तो नजीरने जुळवून दिला. नजीर पतींचा विद्यार्थी आहे. पतींनी दोन वर्षे बसून सर्व आकडे त्यात घातले व मागच्या दिवाळीत वह्या रद्दीवाल्याला दिल्या. यंदाचे आकडे मी सांगत गेले व पतींनी थेट कॉम्प्युटरमध्येच घातले. नजीर त्या दिवशी घरी आला होता. तो म्हणाला, "गुरुजी, कागद असू द्या. मशीन आहे, तिचा काय भरोसा?" पती म्हणाले, "तू मले शिकवतं काय?" वह्या तराजूत पडल्या तेव्हा मी आत भाकरी करत होते. ती भाकरी करपली. तेव्हापासून नजीरचे आमच्याकडे येणे बंद झाले. पतींचा स्वभाव मनाने फार चांगला आहे, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

यंदा पेरणीनंतर सव्वीस दिवस आमच्या शिवारात थेंब पडला नाही. कपाशी जळाली, लोकांनी दुबार पेरली. तालुक्याचे मापक चौदा किलोमीटरवर आहे, त्यात पाऊस दिसतो, म्हणून गावाला नुकसानभरपाई नाकारली. याची यवतमाळला येत्या शुक्रवारी सुनावणी आहे. गावाने पुरावा विचारला तेव्हा पती भर सभेत म्हणाले, "सगळं आहे माह्यापाशी." वह्या रद्दीत गेल्याचे गावात कोणालाही माहीत नाही.

खंडेनवमीला आम्ही विळा, कुऱ्हाड, पतींचा पेन व कॉम्प्युटर यांची पूजा केली. गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य मी कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवला. पूजेला बसवलेले हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही, म्हणून नैवेद्यही तिथेच राहिला. दसऱ्याला सोने वाटून आल्यावर पतींनी बटण दाबले. पंखा फिरला, पण पडदा काळा व त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे. ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही, असा त्याचा अर्थ पतींनी सांगितला. बंद करून चालू केले, दहा वेळा केले. मी म्हटले, नजीरला बोलवा. त्यावर त्यांनी ताट बाजूला सारले.

पतींनी कॉम्प्युटर दारव्ह्याला दाखवला. तिथे डबा न उघडताच सांगितले, फॉर्मॅट मारावे लागेल. फॉर्मॅट म्हणजे सगळे पुसणे, हे कळल्यावर पतींनी तो डबा जीपमध्ये मांडीवर घेऊन परत आणला. तेव्हापासून त्यांना झोप नाही. नजीरकडे गेले तर त्याचे खरे ठरते आणि न गेले तर गावात तोंड दाखवता येत नाही. मला त्यांचा राग होता. पण माणूस असा वाळताना बघवत नाही.

आज सकाळी नऊला पती दुसरा मेकॅनिक शोधायला पुन्हा दारव्ह्याला गेले. मी नजीरला फोन केला. तो अकराला मोटारसायकलने आला. डबा उघडला तर आत मुंग्या होत्या, गुळाच्या मागाने गेलेल्या. मी घाबरले. नजीर हसला व म्हणाला, "काकू, मशीन जित्ती आहे. तिले फक्त तिचं घर सापडून नाही राह्यलं." त्याने मुंग्या झटकल्या, वायर बदलली, निळ्या पडद्यावर काही क्रम लावला, तरी तेच. तेवढ्यात भारनियमनाची लाइट गेली. तो म्हणाला, "डिस्क दुकानात न्या लागते. पण गुरुजीले न विचारता मी नेत नाही." मी म्हटले, "म्या सांगतलं ना, ने." तरी तो तयार होईना. मग डिस्क मी पदरात बांधली व त्याच्या मागे गाडीवर बसले. चिठ्ठी ठेवायचे राहिले, ही चूक माझी. नजीरची मोटारसायकल दारात दिसल्याचे पतींना गावात कोणी सांगितले असावे.

दुकानात नजीरने डिस्कची पट्टी काढून तिचे टोक खोडरबराने घासले. मग डिस्क आपल्या मशीनला जोडली. तीनदा काही झाले नाही. चौथ्या वेळी, साडेतीनच्या सुमारास, पडद्यावर डिस्कचे नाव दिसले. त्याने आधी दोन ठिकाणी कॉपी करून घेतली आणि मगच फाइल उघडली.

फाइलमध्ये पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात पाऊस. तिसऱ्या रकान्यावर "मोजणारा" असे लिहिले होते व त्याखाली प्रत्येक ओळीत माझे नाव होते. मैनाबाई. मैनाबाई. मैनाबाई. शून्याच्या ओळीतही. नजीर पान खाली सरकवत गेला, तरी नाव संपेना. साडेतीन हजारांवर ओळी आहेत. लग्नाला एक्केचाळीस वर्षे झाली, पतींनी मला "अवो" सोडून दुसरी हाक मारलेली नाही.

मी विचारले, "हे तू लिहिलं काय रे?" नजीर म्हणाला, "मी कायले लिहू? गुरुजीनं टाइप केलं. म्या म्हटलं होतं, एक डाव लिहा, खाली कॉपी मारतो, एका मिनिटाचं काम. तर म्हणे, तिनं काय एका मिनिटात मोजलं? एक-एक ओळ बोटानं मारली त्याईनं." मला तिथे रडू आले. नजीरने पाणी दिले. मग पोलीस आले.

शुक्रवारसाठी कागद छापून तयार आहेत व नजीरच्या दुकानात ठेवले आहेत. डिस्क मी हवालदारसाहेबांच्या टेबलावर ठेवली आहे, ती पतींना परत द्यावी. चोर म्हणून कोणाचे नाव लिहिणे भागच असेल तर माझे लिहावे. माझी पतींविरुद्ध तक्रार नाही. एक होती, रद्दीबद्दलची. ती आज दुपारी साडेतीन वाजता मिटली.

हा जबाब हवालदार लालसिंग राठोड यांनी मला व पतींना ऐकू जाईल असा वाचून दाखवला. तिसऱ्या रकान्याचे वाचून होताच पती उठले व बाहेर बाकावर नजीरच्या शेजारी जाऊन बसले. हवालदारांनी विचारले, तक्रारीचे काय? पती तिथूनच म्हणाले, "मैनाबाईले विचारा." हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. बाकी सर्व मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम असून खरा आहे.

सही
मैनाबाई सदाशिवराव ढोके