खिडकीतलं शेवटचं चित्र

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले विश्वस्त मंडळाचे मान्यवर, प्रकृती बरी नसतानाही अगत्याने आलेले माझे जुने वरिष्ठ, संग्रहालयातले माझे सहकारी, इथे जमलेले शिक्षक, पत्रकार, वाचक, माझ्या सासर-माहेरची मंडळी, आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या आजी, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्याआधी जे वक्ते बोलले त्यांचं ऐकताना मला सारखं वाटत होतं, कोण बरं ही बाई? एकदा भेटायला हवं हिला. अध्यक्ष महोदय म्हणाले, ‘बाईंचा स्वभाव अतिशय शांत.’ तेव्हा तिसऱ्या रांगेत आमच्या यजमानांना खोकल्याची उबळ आली. ती का आली हे माझ्या सूनबाईंना चांगलं ठाऊक आहे. पण निवृत्तीच्या समारंभात थोडं खोटं चालतं, म्हणून मी अध्यक्षांचे आभारच मानते.

माझी सगळी नोकरी छायाचित्र विभागात गेली. पूर्वी फोटो काचेवर निघत, त्या जुन्या काचा पुसायच्या, त्यांच्या प्रती काढायच्या, त्यात कोण आहे, काय आहे हे शोधायचं. बाहेरच्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं. माझ्या आईला तर शेवटपर्यंत वाटत होतं की मी फोटो स्टुडिओत आहे आणि कुणाच्या लग्नाला मला कधी बोलावत कसे नाहीत!

हे काम मला माझ्या वरिष्ठांनी शिकवलं. साहेब, तुमच्या पाठीमागे आम्ही तुम्हाला ‘काठसाहेब’ म्हणायचो, ते आज तोंडावर सांगून टाकते. कारण यांचा एकच हट्ट, प्रत काढायची ती काठापासून काठापर्यंत. काचेचा कोपरा फुटलेला असायचा, मी प्रत सुबक दिसावी म्हणून तेवढा भाग सोडून द्यायची. साहेब प्रत परत माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘बाई, फुटका कोपराही काचेचाच आहे. तो कुणी फोडला हे पुढच्या माणसाला शोधू दे. आपण नाही ठरवायचं.’ तेव्हा राग यायचा. मग सवय झाली, आणि आता तर घरच्या फोटोतल्या कुणाचा हात कापला गेला तरी मी सूनबाईंना बोलते.

पुढे आमच्या संगणकवाल्या दादांनी विभागाचं सोशल मीडियावर पान सुरू केलं. मी आधी नाक मुरडलं. पण लोक लिहायला लागले. ‘हे आमचं दुकान’, ‘ही माझी आत्या’, ‘ही शाळा आता पाडली’. आम्हाला कित्येक वर्षांत जे सापडलं नव्हतं ते घरबसल्या समजायला लागलं. तेव्हा दादा, तुमचं बरोबर होतं, हे मी चारचौघांत कबूल करते.

आणि मग आम्ही त्या पानावर खाणीचं चित्र टाकलं.

इथल्या पुष्कळांना ते ठाऊक आहे, तरी नवीन मंडळींसाठी सांगते. गावाबाहेरच्या खाणीत पूर्वी धरून आणलेली माणसं राबवली जायची. पाळी संपली की त्यांना उघडं करून रांगेत उभं करायचं आणि झडती घ्यायची. एखादा मौल्यवान खडा चोरला असेल तर! माना खाली घालण्याचा हुकूम असे. प्रत्येकाच्या छातीवर चुन्यानं आकडा रंगवलेला असे. खाणीच्या मालकांनीच हे चित्र काढून घेतलं होतं, आमच्याकडे शिस्त कशी आहे बघा, हे गिऱ्हाइकांना दाखवायला. त्यांना त्यात लपवण्यासारखं काहीही वाटलं नव्हतं.

आमचं चित्र मात्र सोशल मीडियाच्या कंपनीनं काही मिनिटांत पानावरून काढलं. कारण काय, तर नग्नता. आम्ही दाद मागितली, सगळा इतिहास सविस्तर लिहून कळवला. पाठवल्याबरोबर नकार आला. माणसाला चष्मा लावायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. आम्ही पुन्हा टाकलं, या वेळी खाली माहिती देऊन. पुन्हा काढलं, आणि कारण बदललं. आता म्हणे, या चित्रानं एका समाजाचा अपमान होतो! शिवाय तंबी मिळाली, की आणखी एकदा असं झालं तर संपूर्ण पान कायमचं बंद होईल.

विश्वस्त मंडळाची बैठक बसली. मी कुणाची बाजू चुकीची सांगणार नाही. अध्यक्ष महोदयांना पानाची काळजी होती, आणि ती खरी होती. हजारो चित्रं, लोकांनी लिहिलेल्या आठवणी, एका चित्रासाठी सगळ्यावर पाणी सोडायचं का? तेव्हा असं ठरलं की माणसांच्या गळ्यापासून गुडघ्यापर्यंत राखाडी पट्टा टाकायचा. मी विरोध नोंदवला, मंडळानं पट्टा टाकला. आणि काय सांगू, ते चित्र पानावर टिकलं! भरपूर पसंती मिळाली. एकानं लिहिलं, ‘वा, मागचे डोंगर किती सुंदर!’ दुसऱ्यानं विचारलं, ‘हा कुठला संघ? सामना जिंकले का?’

हसू नका. म्हणजे हसा, मीही हसले होते. पण त्याच आठवड्यात या आजी माझ्या खोलीत आल्या. हातात नातसुनेचा मोबाईल. बसल्याही नाहीत. म्हणाल्या, ‘बाई, यात माझे वडील कोणते?’

मी विचारलं, चेहरा आठवतो का? त्या म्हणाल्या, ‘मी पाळण्यात होते. आई आकडा सांगायची. एकशे सत्तावीस. मोबाईल मोठा करून करून बघितला, आकडा कुठेच नाही.’

सगळ्यांच्या माना खाली. ओळखायची खूण एकच, छातीवरचा आकडा, आणि त्यावरच आम्ही सभ्यपणे पट्टा ओढलेला. मी काहीतरी सांगू लागले की आजी, बरं दिसत नाही, त्यांची लाज राखायला म्हणून. तेव्हा या आजी मला जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, ‘माझ्या वडिलांनी लाज वाटण्यासारखं काय केलं होतं? लाज खाणीनं आणली. मग तुम्ही झाकताय कुणाची?’

मी मूळ काच काढली आणि उजेडाच्या टेबलावर ठेवली. आजींनी एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. एका जागी ते थांबलं. मग एवढंच म्हणाल्या, ‘किती बारीक होते. मला आपले उंचेपुरे वाटायचे.’ मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. निघताना दारात वळून म्हणाल्या, ‘मला एकटीला दाखवून काय उपयोग? सगळ्यांना दाखवा.’

यानंतर चित्रातल्या माणसांच्या वारसांची या गावात जी जी घरं सापडली तिथे मी जाऊन आले. कारण अध्यक्ष महोदयांनी विचारलं होतं, दुसऱ्या कुणाला हे आवडलं नाही तर? प्रश्न रास्त होता. पाववाल्या काकांनी मला दारातूनच सांगितलं, ‘आमच्या आजोबांना असं चव्हाट्यावर आणायचं नाही.’ मी बरं म्हटलं आणि परत फिरले. नंतर ते आपणहून विभागात आले, काच बघितली. म्हणाले, ‘लावा. पण हे असे का उभे आहेत ते खाली लिहा. नाहीतर लोक डोंगरच बघतील.’ बाकी कुणीही नको म्हटलं नाही.

तरी पानाचा प्रश्न तसाच राहिला. ते पान मी बुडवणार नाही. त्यावर इतरांच्याही आत्या आहेत.

पण अध्यक्ष महोदय, आपल्या संग्रहालयाची एक रीत आहे. रस्त्याकडेच्या खिडकीत आपण दर महिन्याला एक मोठं चित्र लावतो, आणि निवृत्त होणारा माणूस जाताना खिडकीतलं चित्र निवडतो. ते महिनाभर कुणी हलवत नाही. काठसाहेबांनी फुटक्या कोपऱ्याचं निवडलं होतं. आजच्या निमंत्रणपत्रिकेवरही छापलंय, ‘चहापानापूर्वी बाईंनी निवडलेल्या चित्राचं अनावरण.’ मी चौकातल्या कारंज्याचं साधंसं चित्र निवडलंय अशी कुजबुज माझ्या कानावर आली. ती मी खोडून काढली नाही, एवढंच.

चित्र आज सकाळी लागलं आहे. काठापासून काठापर्यंत. वरून कापड आहे. खाली एकच ओळ लिहिली आहे, ‘ही माणसं अशी उभी राहिली नाहीत, त्यांना असं उभं केलं गेलं.’ आणि पट्ट्याचं ते चित्र आम्ही पानावरून काढून घेतलंय. तिथे आता मोकळी चौकट आहे, आणि आपल्या खिडकीचा पत्ता.

शाळेतली मुलं त्या रस्त्यानं जातात, हे मला माहीत आहे. ती विचारतील. बाहेर बसायला मी बाक ठेवलाय, आणि उद्यापासून मला भरपूर वेळ आहे.

महोदय, आपल्या चेहऱ्यावरून दिसतंय की आपल्याला हे आधी कळायला हवं होतं. पण पाच वाजेपर्यंत विभागप्रमुख मीच आहे, आणि खिडकी विभागाची आहे. माझ्या जागी येणाऱ्या ताईंना मी काहीही पढवून ठेवलेलं नाही. पुढचं चित्र त्या निवडतील.

आपण सगळ्यांनी एवढं प्रेम दिलंत, घड्याळ दिलंत, फुलं दिलीत, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला जास्त टोचलं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. खिडकीबद्दल मात्र माफी मागत नाही.

चहा खाली आहे, आणि खाली जायची वाट खिडकीवरूनच जाते. कापडाची दोरी अध्यक्ष महोदयांनी ओढायची असं ठरलं होतं. माझी विनंती आहे, ती आजींच्या हातात द्यावी. पायऱ्या उंच आहेत महोदय, आपण त्यांना फक्त हात द्या. त्यांना वडिलांना भेटायचंय.