उंच चाकांची मोटार

नाय नाय मिस्त्री, होत्या मापाची चाकं नकोच. टायर फाटलेत म्हणून बदलायचे, असं कोण बोललं? फाटलेत ते हायच, पण मला पायजे उंची — जीपची चाकं बसवा. भोकं जुळत नायत? मग रिम तीच ठेवा, टायर जाडा घाला. मडगाडला घासेल? कापा मडगाड. वळताना अडकेल बोलता — वळायचंय कुठं, वैशाखऱ्यावरनं निघालं की सरळ डोळखांब. बरं, सरळ नाय, पण हळूहळू वळवीन, पळवायचीय कोणाला? हां, पळायचीच गाडी हाय ती. मुंबईचा शेठ शर्यतीत पळवायचा. मी त्याची वाडी सांभाळली, विलायतेला जाताना ही देऊन गेला. दोनच माणसं बसतात, छप्पर नाय, आणि बूड असं जमिनीला लागतं की बाजूनं बकरी गेली तरी मान वर करून बघायचं. माझ्या बाजूचं दारपण अडकतं — ते राहू द्या, उतरायचंय कोणाला.

उंची कशाला, ते ऐका. आमच्या बारकूचं लग्न डोळखांबला. घोड्यावरनं कोणीपण जातो, मी बोललो नवरदेव मोटारनं न्यायचा. मीच चालवली. गावात शिरलो तर लोकांना नवरदेव दिसेचना, नुसतं बाशिंग हलताना दिसतंय. मांडवाच्या दारात विहीणबाई सकुबाई ताट घेऊन आली. ओवाळल्याबिगर नवरदेव खाली पाय ठेवत नाय, ही रीत — बरोबर ना? पण तिचं ताट बारकूच्या डोक्याच्याही वर. ओवाळायचं तर तिनं वाकायला पायजे. बोलली, "जावयासमोर मी वाकायची नाय, त्याला उतरवा." मी बोललो, ओवाळल्याबिगर उतरायचा नाय. मुलाकडचे आमी, मान आमचा. ती ताट धरून उभी, मी स्टेरिंग धरून बसलेला — भटजी मुहूर्त मुहूर्त करतोय, वाजंत्री दमले, निरांजन विझलं. मग? मग काय, बारकूच उतरला. माझ्याकडं बघितलंपण नाय. सासूनं निरांजन परत लावलं, ओवाळलं, गेला आत. मी बसलो. वरबाप रुसला की मनवायला येतात — येतात ना? मी वाट बघितली. मंगलाष्टका तिथूनच ऐकल्या. अक्षता होत्या मुठीत, त्या कुठं टाकायच्या? टाकल्या गाडीतच. मघाशी सीटच्या फटीत तुमाला तांदूळ सापडले ना, तेच ते. झाडू नका ते, असू द्या.

आता कोणाची वरात? कोणाची नाय. एकच मुलगा हाय मला. तो तिकडंच राहतो, सासऱ्याचं भात लावतो. तो आला नाय, मी गेलो नाय. मला काय फरक पडत नाय — घरात शांत असतं, भाकरी आपली आपण थापायची, बोलायलापण कोणी नाय, म्हणजे भांडण नाय. तर परवा निरोप आला, सुनेला, हौसाला, मुलगा झालाय, बारशाला या. म्हणून बोलतो, उंच करा. मोटार थेट मांडवाला लावीन, मी आपला बसूनच राहीन, सकुबाईनं पोर आणून माझ्या हातात द्यायचं. वाकायला नको तिला, उतरायला नको मला. दोघांचा मान राहिला. डोकं चालवलं का नाय? हसता काय?

काय बोललात? परत बोला. ती पोर घेऊन गाडीपर्यंत आलीच नाय तर?



नाय यायची. सकुबाई हाय ती. लग्नात नाय आली मनवायला, ती आता कुठली येतेय. आणि बारकू? तो मांडवात उभा राहून बघत बसेल, बाप काय करतो ते.

ऐका मिस्त्री, ते जाडे टायर राहू द्या. होत्या मापाचेच घाला. उगाच घासायला नको, कापाकापी नको. बघता काय माझ्याकडं, पाना घ्या हातात. आणि ते माझ्या बाजूचं दार — ते तेवढं उघडतं करा.