फोनवरची शिट्टी

भाऊ : अजून एकदा. ओठ घट्ट मीट आणि एकदम ओढ. हळूहळू नाही, एका दमात.

ताई : एका दमात. तेवढा दम असता, तर दम्याचा पंप कशाला लागला असता?

भावोजी : ओढ, ओढ. साहेब स्वतः शिकवायला आलेत. परवा शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हरने शिकवून बघितलं बिचाऱ्याने. पण त्याला क्लच आणि ब्रेक एवढंच येतं.

भाऊ : भावोजी, तुमचा फोन आला तसा निघालो मी. पण काय झालं ते अजून नीट कळलेलं नाही. ताई, तू सांग.

ताई : काही नाही रे. बसमध्ये पोरं चढवत होते. धाप लागली. हा नवा पंप काढला. ओढला. पावडर तोंडातच राहिली. परत ओढला.

भावोजी : तिसऱ्यांदा ओढायला ही शुद्धीवर नव्हती. ड्रायव्हरने पोरांसकट बस थेट हॉस्पिटलच्या दारात नेली. पोरं खिडक्यांना नाकं लावून बघत होती. मग घरोघरी बातमी गेली, आमची बसमावशी निळी झाली. पालकांचे शाळेला फोन. आता उद्या हिला मुख्याध्यापिकांनी बोलावलंय. मुलांबरोबर जायला ही ठीक आहे, असं डॉक्टरांचं पत्र आणा म्हणाल्या. नाहीतर बसवर दुसरी बाई येणार.

भाऊ : डॉक्टर देतील की पत्र.

भावोजी : हो, देतो म्हणाले. हिला ओढता येईल असा पंप जवळ असला, तर. म्हणजे जुना, गॅसचा. तुमच्या कंपनीने बंद केला तोच.

भाऊ : दुसऱ्या कंपनीचा मिळत असेल ना?

भावोजी : सगळी दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, मोठ्या कंपनीने बंद केला, तसा धाकट्यांनीही केला. तुमचा आदर्श घेतला म्हणे. आणि घरी लावायचं ते वाफेचं मशीन असतं, ते बसमध्ये मांडून बसायचं म्हटलं, तर पाव तास पोरांकडे बघणार कोण?

भाऊ : पण ताईला हा नवा ओढता येत होता. मी उगाच नाही दिला. आधी सरावाची शिट्टी पाठवली होती. दिसायला पंपासारखीच, आत औषध नसतं. पुरेशा जोराने ओढली तरच वाजते. वाजली की समजायचं, पावडर छातीत उतरणार. ताईने मला फोनवर वाजवून दाखवली. मी कानाने ऐकली.

(ताई नवऱ्याकडे बघते. तो कप खाली ठेवतो.)

भाऊ : काय झालं?

ताई : अहो, राहू द्या.

भावोजी : राहू द्या काय? हॉस्पिटलात तुझ्या उशाशी मी बसलो होतो. ऐक रे. ती शिट्टी मी वाजवली.

भाऊ : तुम्ही?

भावोजी : हिच्याने फुर्रसुद्धा झालं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ ओढून बघायची, तोंड लाल व्हायचं. त्यात तुझा फोन आला. तू विचारलंस, जमतंय ना? ही म्हणाली, थांब, ऐकवते. आणि फोनवर हात ठेवून शिट्टी माझ्यापुढे धरली. म्हणाली, त्याचं पहिलं मोठं काम आहे, घरातूनच मोडता नको. मी ओढली. मनात काय वाटलं ते सोड, वाजली मात्र अशी, की शेजारणीने कुकर बंद केला असेल.

भाऊ : दोनदा वाजली होती.

भावोजी : दुसऱ्यांदा तूच म्हणालास, परत ऐकव.

भाऊ : ताई, का गं?

ताई : वाटलं, सवय होईल. सगळ्यांना होते. आणि तू किती. किती खूश होतास.

भावोजी : सावकाश बोल.

भाऊ : त्या शिट्टीवर मी काय केलंय, माहीत आहे? मीटिंग होती. प्रदूषण निम्म्यावर आणायचं हे कंपनीचं टार्गेट, आणि त्या विभागाचा प्रमुख मी. छतावर सोलर लावलं, बॉयलर बदलला, खोक्यांचा पुठ्ठा बदलला. आकडा हलेना. कारण आमचं बहुतेक प्रदूषण कारखान्यात होतच नाही. पंपातून औषध ढकलायला जो गॅस लागतो, तो लोकांच्या तोंडाशी सुटतो आणि वर जातो. तो गॅस खरंच वाईट आहे, ताई. हे मी आज, इथे बसूनही म्हणेन. ते पंप बंद केले की वर्षभरात टार्गेट पूर्ण होत होतं. तेव्हा कंपनीच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, ज्यांची छाती कमजोर आहे त्यांच्यासाठी जुन्या पंपांची एक लहान लाइन चालू ठेवू या. थोडी माणसं असतील, पण असतील. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

भावोजी : मग?

भाऊ : मी म्हणालो, माझ्या सख्ख्या बहिणीला लहानपणापासून दमा आहे. तिला जमतं. शिट्टी मी स्वतः ऐकलीये. त्यावर बाईंनी मुद्दा मागे घेतला.

भावोजी : म्हणजे माझ्या फुफ्फुसांवर तुमचं टार्गेट पूर्ण झालं.

ताई : अहो.

भाऊ : बोलू दे त्यांना.

भावोजी : मी बोलून काय होणार? उद्या जाऊन सांग तिथे. म्हणावं, चूक झाली, लाइन चालू करा.

भाऊ : मशीन नाही आता. तोडून भंगारात गेलं. भंगार वितळवून परत वापरलं, तर तेही आमच्या टार्गेटमध्ये धरतात. मीच घाई केली.

भावोजी : चोख काम. कुठे म्हणून नाव ठेवायला जागा नाही.

ताई : पुरे हो. खोटं मी बोलले. तो नाही.

भाऊ : ऐक. गोदामात जुने पंप आहेत थोडे. महिनाअखेर नष्ट करायचेत, माझ्या देखरेखीखाली. त्यातले तुझ्यासाठी काढतो. कोणाला कळणार नाही.

भावोजी : हे आधी सांगायचंस. काढ. तत्त्वं मागाहून बघू.

ताई : किती दिवस पुरतील?

भाऊ : दीडेक वर्ष. त्यानंतर त्यांची मुदत संपते.

ताई : हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर. एक आजोबा होते. त्यांच्याजवळही हाच होता, पावडरचा. ओठांवर पांढरं चिकटलेलं. नर्स सांगत होती, आजोबा, एका दमात ओढा. अगदी तुझ्यासारखं.

भाऊ : सगळ्यांना कसं पुरवू मी, ताई?

ताई : सगळ्यांना कुठे म्हणते? अर्धे मला आण. अर्धे तिथे नेऊन दे.

भावोजी : वा. दीड वर्षाचं पाऊण करून ठेवलंस.

ताई : घरी बसल्यावर कमी लागतील.

भाऊ : घरी कशाला बसायचं? पंप आले की डॉक्टर पत्र देतील. तू उद्या शाळेत फक्त एवढंच सांग, की चार दिवसांत आणते.

ताई : आणि पंप संपले, की परत तेच? परत पोरं खिडकीला? एक पोरगा तर त्या दिवसापासून बोलत नाही म्हणे. त्याची आई सांगत होती. नको. उद्या मीच सांगून येते, दुसरी बाई घ्या.

भावोजी : तू कोणाला काही सांगू नकोस. झोप आधी. उद्याचं उद्या.

भाऊ : मी डॉक्टर बाईंना खरं सांगणार आहे, ताई. शिट्टीचं. सगळं.

ताई : सांग. नोकरी जाईल?

भाऊ : माहीत नाही. रिपोर्ट छापून झालाय. फार तर म्हणतील, आता काही उपयोग नाही, गप्प बस.

भावोजी : मग गप्प बसशील?

भाऊ : नाही बसणार. पण मशीन थोडंच परत येणार आहे? ताई, ऐकतेस ना?

ताई : ऐकतेय. मनात भलतंच चाललंय. शेवटच्या थांब्याची एक मुलगी आहे. पायरीवरून तिचा पाय खाली पोचत नाही. कडेवर घेऊन उतरवावं लागतं. आणि मागते मात्र कधीच नाही ती, नुसती उभी राहते. नवीन बाईंना ते. सांगायला हवं.